शिबिरानंतरची वही : सांगली जिल्ह्यात कर्करोगाचे लवकर निदान गावपातळीवर उभे करताना

तासगाव तालुक्यातील एका गावात काही वर्षांपूर्वी आम्ही स्त्रियांसाठी कर्करोग तपासणीचे शिबिर घेतले होते. मंडप होता, सत्कार झाले, तालुक्याहून पाहुणे आले, तपासणी करणाऱ्या परिचारिका मन लावून काम करीत होत्या आणि दुपार टळून गेली तरी रांग हटली नव्हती. ज्यांच्या तपासणीत काही संशयास्पद आढळले त्यांच्या हाती एकेक चिठ्ठी देऊन ‘सिव्हिलला दाखवा’ असे सांगण्यात आले. द्राक्षांचा हंगाम उरकल्यावर सहज चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी एकही स्त्री सिव्हिलला गेलेली नव्हती. एकीने तर ती चिठ्ठी देव्हाऱ्याशेजारच्या पोथीत जपून ठेवली होती. दोष तिचा नव्हता. कोणत्या वारी, कोणत्या खिडकीवर, कोणाला भेटायचे हे चिठ्ठीत लिहिलेले नव्हते आणि तिच्या पाठीशी लागण्याचे काम आमच्यापैकी कोणाकडेही सोपविलेले नव्हते.

पुढील मार्गदर्शन सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटांच्या प्रमुख, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, आशा गटप्रवर्तक आणि गावात दवाखाना चालविणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे. त्यातील फार थोड्या गोष्टींना वैद्यकीय पदवी लागते. बाकी सगळ्यांना लागतो तो पाठपुरावा करणारा माणूस, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या कामातील नेतृत्व म्हणजे तेवढेच आहे.

जगाची मोजपट्टी आणि आपल्याच राज्यातील पुरावा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निर्मूलनासाठी २०३० पर्यंतची तीन उद्दिष्टे ठरविली. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलींना एचपीव्ही या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूवरील लस मिळावी, ७० टक्के स्त्रियांची ३५ वर्षांपर्यंत एकदा व ४५ वर्षांपर्यंत पुन्हा एकदा भरवशाची चाचणी व्हावी, आणि दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांवर उपचार व्हावेत. स्तनाच्या कर्करोगासाठी २०२१ मध्ये अशीच त्रिसूत्री आली: ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे निदान पहिल्या वा दुसऱ्या टप्प्यात व्हावे, पहिल्यांदा दाखविल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार शेवटपर्यंत घ्यावेत. या दोन्ही सूत्रांतील शेवटचा आकडा उपचारांचा आहे, याकडे शिबिरे भरविणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते.

२०२२ मध्ये जगात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने सुमारे ३,५०,००० स्त्रिया मृत्यू पावल्या आणि त्यांतील ९४ टक्के मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. आपल्याकडे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे त्यांचे प्रमाण १.९ टक्के निघाले. स्तनांच्या तपासणीचे तर ०.९ टक्केच.

खेदाची बाब अशी की, गरीब देशांत हे काम कसे करावे याचा जगभर आधार म्हणून सांगितला जाणारा पुरावा महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,००० हून अधिक स्त्रियांवर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या व टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली सिद्ध झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी गर्भाशयमुखाला ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीने हेच मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. कार्यकर्त्यांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले, हेही याच प्रकल्पातून पुढे आले. या अभ्यासांत घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्या होत्या आणि प्रत्येक स्त्रीची नोंद होती. ‘खेड्यात हे जमत नाही’ असे म्हणणाऱ्यास दाखवायला बार्शी पुरेशी आहे.

पहिली पायरी : शेवटच्या टोकापासून आखणी

बहुतेक उपक्रम तपासणीच्या तारखेपासून सुरू होतात. तुम्ही उपचारांपासून सुरू करा. ज्या आजारावर पुढे उपचारांची सोय नाही त्याची सरसकट तपासणी करू नये, हे तत्त्व विल्सन आणि युंगनर या तज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच मांडले होते. गावपातळीवर त्याचा अर्थ एवढाच की, मंडपवाल्याला सुपारी देण्यापूर्वी दोन वेळा मिरजेला किंवा सांगलीला जाऊन यावे.

मिरज हे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून दवाखान्यांचे गाव आहे. जिल्ह्याच्या पूर्व भागातील माणसे तिकडेच जातात. वाळवा आणि शिराळा तालुक्यांतील पुष्कळ गावांना मात्र कराड जवळ पडते. तेव्हा आपल्या गावाचा रुग्ण प्रत्यक्षात कोठे जाईल हे आधी ठरवा आणि त्या ठिकाणी पुढील गोष्टी स्वतः विचारून लिहून आणा. स्त्रीरोग विभागात गर्भाशयमुखाची दुर्बिणीतून तपासणी कोणत्या वारी होते? तुकडा तपासणीचा अहवाल किती दिवसांत मिळतो? किरणोपचाराचे यंत्र त्याच आवारात आहे की दुसरीकडे पाठवितात? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र कोणत्या मजल्यावर बसतात व किती वाजेपर्यंत? सोबतच्या नातेवाइकाला रात्री कोठे झोपता येते? आपल्या ग्रामीण रुग्णालयात थर्मल ॲब्लेशनचे, म्हणजे गर्भाशयमुखावरील दोषयुक्त पेशी उष्णतेने नष्ट करण्याचे उपकरण आहे का, आणि ते चालविणारी व्यक्ती कोण?

दोन माणसांची नावे व दूरध्वनी क्रमांक आणि आठवड्याचे दोन ठरलेले वार हाती आल्याखेरीज तपासणीची दवंडी देऊ नये. या एका नियमामुळे आमचा पुढचा उपक्रम अडीच महिने लांबला आणि त्यावरून मला बरेच ऐकून घ्यावे लागले.

दुसरी पायरी : एक वही आणि तिचा एक धनी

समिती स्थापन करणे सोपे असते, म्हणून ती होते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर बहुतेक गावांत आहेच. नवी काढू नका. तिच्यातील एका व्यक्तीकडे, शक्यतो गावात राहणाऱ्या आणि बायकांना जिच्याशी बोलताना संकोच वाटत नाही अशा स्त्रीकडे, एक जाड पुठ्ठ्याची वही द्या. शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवर नोंदी होतात व त्या व्हायलाच हव्यात, परंतु पोर्टल कोणाच्या दारात जाऊन उभे राहत नाही.

वहीत प्रत्येक संशयित रुग्णासाठी एक पूर्ण पान ठेवावे. डोक्यावर नाव न लिहिता क्रमांक लिहावा आणि नावांची यादी वेगळ्या कागदावर कुलपात ठेवावी. पानावर पाच तारखा येतात: तपासणी झाली तो दिवस, मोठ्या दवाखान्यात पोचल्याचा दिवस, तुकडा घेतल्याचा दिवस, अहवाल हाती आल्याचा दिवस आणि उपचार सुरू झाल्याचा दिवस. शेजारी एक रकाना ‘कोठे अडले’ असा असावा, आणि खरे सांगायचे तर सगळ्या वहीत सर्वांत मोलाचा मजकूर त्याच रकान्यात जमा होतो. ‘रेशनकार्डावर नाव नाही’, ‘नवरा गलाईला (सोने-चांदी गाळण्याच्या धंद्याला) केरळात, तो आल्यावर’, ‘छाटणीचे टोळीबरोबर ठरले आहे’, ‘सासू म्हणते बाभळीची साल लावून बघू’. यांतील पहिला अडसर तहसील कार्यालयात सुटतो, शेवटचा सासूबाईंच्या ओसरीवर.

दर सोमवारी अर्धा तास वहीच्या धनीने अपुऱ्या पानांवरील घरी फोन करावा. फोन लागला नाही तर मंगळवारी आशाताईंनी घरी जावे.

तिसरी पायरी : गावाची यादी

शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक चौकटीनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या प्रत्येक व्यक्तीची तोंडाच्या कर्करोगासाठी आणि त्या वयाच्या प्रत्येक स्त्रीची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी अपेक्षित आहे. आशाताई घरोघरी जो जोखीम-अर्ज भरतात त्यात चारपेक्षा जास्त गुण आल्यास तपासणीत प्राधान्य मिळते. मात्र कमी गुण म्हणजे तपासणीची गरज नाही, असा अर्थ काढला जाऊ नये. अर्जाच्या दुसऱ्या भागात लक्षणे विचारलेली असतात; त्यांतील एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर गुण न मोजता त्या व्यक्तीला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते.

एका आशाताईकडे साधारण १,००० लोकसंख्या असते, त्यामुळे यादी तयार होण्यास फार दिवस लागत नाहीत. अवघड असते ते यादीतून सुटलेल्यांना शोधणे. खानापूर आणि आटपाडी भागातील सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायातील कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत व ती गावच्या यात्रेला परततात. त्यांच्यासाठी यात्रेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी उपकेंद्र उघडे ठेवणे हाच मार्ग आहे. मेंढरे घेऊन बाहेर पडणारी धनगर कुटुंबे पावसाळ्यात गाठावी लागतात. जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत घरची भाषा कानडी असल्याने तेथे मराठी पत्रक वाटून उपयोग होत नाही. कानडी बोलणारी कार्यकर्तीच पाठवावी.

आणखी दोन गट यादीत वेगळ्या खुणेने दाखवावेत. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सहापट असतो. त्यांची तपासणी पंचविशीपासून आणि अधिक वेळा व्हावी लागते, म्हणून हे काम एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधे जेथे मिळतात त्या केंद्राच्या समुपदेशकांमार्फत, गावात कोणताही गाजावाजा न करता करावे. दुसरा गट पिशवी काढलेल्या स्त्रियांचा. गर्भाशयमुखासह पिशवी कर्करोगाव्यतिरिक्त कारणाने काढली असेल, तर गर्भाशयमुखाच्या तपासणीची सहसा गरज उरत नाही. पण ‘माझी पिशवीच नाही, मला कशाला बोलावता’ असे म्हणून त्या स्तनांची आणि तोंडाचीही तपासणी टाळतात, हे लक्षात ठेवावे.

चौथी पायरी : तपासणी

तोंडापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे, कारण त्याला विजेरी, हातमोजे, लहान आरसा आणि खुर्ची एवढेच लागते व कपडे सोडावे लागत नाहीत. केरळातील तिरुवनंतपुरम येथे आरोग्य कार्यकर्त्यांनी केलेल्या तोंडाच्या तपासणीमुळे तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्याकडे पानटपरीवर चोळून मिळणारा मावा आहे, खिशातील चुन्याची डबी आहे, आणि जिचा पुष्कळदा उल्लेखही होत नाही ती मशेरी आहे. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला मशेरी लावणारी स्त्री प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे असते. म्हणून ‘दाताला काय लावता’ असे विचारावे. मावा खाणाऱ्याला ‘कोणत्या गालात ठेवता’ असे विचारून त्या गालाची आतली बाजू सर्वप्रथम पाहावी.

कवळी असल्यास ती काढायला सांगून दोन्ही गाल, हिरड्या, शेवटच्या दाढेमागची जागा, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालचा भाग या क्रमाने पाहावे, बोटाने चाचपावे आणि मानेत गाठ लागते का ते तपासावे. घासूनही न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा आणि दोन आठवड्यांत न भरलेली जखम या तिन्हींसाठी तज्ज्ञाकडे पाठवणे अनिवार्य आहे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर सुपारीमुळे होणाऱ्या तंतुमयतेची शंका घ्यावी. जखमेवर महिनोन्‌महिने वेगवेगळी मलमे लावीत राहणे हे आपल्या भागात सर्रास चालते. दवाखाना असलेल्या प्रत्येक डॉक्टरने दोन आठवड्यांची ही मर्यादा भिंतीवर लिहून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

स्तनांची तपासणी प्रशिक्षित परिचारिकेने वा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी, स्त्रीला बसवून आणि नंतर झोपवून, बोटांच्या पेरांनी गोलाकार दाब देत, काखेसह करावी. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट उशिराला कारण ठरते. नव्याने आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारे रक्तमिश्रित पाणी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा किंवा काखेतील गाठ यांपैकी काहीही आढळल्यास पुढे पाठवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही त्याच दमात सांगावे; नाहीतर पुढच्या वर्षी त्या गल्लीतून कोणी येणार नाही.

गर्भाशयमुखाच्या तपासणीत तीन ते पाच टक्के ॲसिटिक आम्ल लावून एक मिनिट थांबतात आणि ठरावीक भागात ठळक पांढरेपणा येतो का ते पाहतात. उत्तर तेथल्या तेथे मिळते, हे तिचे बळ. पाहणाऱ्याच्या नजरेवर सारे अवलंबून असते आणि पाळी गेल्यानंतर पाहावयाचा भाग आत सरकत असल्याने पन्नाशीपुढे ती कमी भरवशाची ठरते, ही तिची उणीव. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. तिचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते आणि ती दर पाच ते दहा वर्षांनी पुरते. आपल्या जिल्ह्यात ती मिळवून देणारी संस्था वा महाविद्यालय भेटले तर संधी सोडू नका, परंतु तिची वाट पाहत हाताशी असलेली तपासणी थांबवूही नका.

एक गल्लत टाळावी. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी पूर्ण थांबल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणे आहेत, आणि अशा स्त्रीला शिबिराच्या रांगेत बसविणे चुकीचे आहे. तिला त्याच आठवड्यात थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

समजावून सांगताना शब्द जपून वापरावेत. एचपीव्ही हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो हे खरे, पण तो इतका सर्वसामान्य आहे की बहुतेक विवाहित स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. काही थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो आणि त्यानंतर कर्करोग होण्यास साधारण १५ ते २० वर्षे लागतात. ‘चाचणी पॉझिटिव्ह’ याचा अर्थ चारित्र्याशी जोडला जाऊ नये आणि कर्करोगाशीही लगेच जोडला जाऊ नये, एवढी खबरदारी प्रत्येक कार्यकर्तीला आधी शिकवावी.

पाचवी पायरी : दिवस आणि जागा

ऑक्टोबरची द्राक्ष छाटणी, जानेवारीनंतरची तोडणी, कारखान्याचा हंगाम आणि हळद काढण्याचे व शिजविण्याचे दिवस सोडून दिनदर्शिका आखावी. एकाच दिवसाच्या मोठ्या शिबिरापेक्षा उपकेंद्रात आठवड्यातून दोन ठरलेल्या दुपारी दहा-दहा स्त्रियांना बोलावणे अधिक फलदायी असते. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांवर ताण येत नाही, तपासणी घाईत होत नाही आणि ‘मागच्या मंगळवारी जाऊबाई जाऊन आल्या, काही दुखत नाही म्हणाल्या’ ही बातमी गावभर व्हायला वेळ मिळतो. खोलीला पडदा, दाराला आतून कडी आणि बाहेर पुरुष न बसणारा ओटा एवढे तरी असावे. पुरुषांच्या तोंडाची तपासणी मात्र आठवडी बाजारात, दूध संकलन केंद्रावर आणि कारखान्याच्या गाडीतळावर करावी. ते उपकेंद्रात येत नाहीत.

सहावी पायरी : पहिले साठ दिवस

गळती येथेच होते. संशयित स्त्रीला चिठ्ठी देऊ नका, तारीख द्या. आणि त्या तारखेला तिच्यासोबत जाणाऱ्या व्यक्तीचे नाव त्याच वेळी ठरवा. पहिल्या फेरीला आशाताई किंवा बचत गटातील सखी सोबत असली की, दुसऱ्या फेरीला स्त्री बहुधा स्वतःहून जाते, कारण तिला तोवर खिडकी कळलेली असते. गर्भाशयमुखावरील कर्करोगपूर्व दोष असेल, तर शक्यतो त्याच भेटीत थर्मल ॲब्लेशन करून घ्यावे. दर वाढीव फेरीगणिक काही स्त्रिया कमी होतात.

स्तनातील गाठीबाबत तीन गोष्टींचा एकत्र विचार होतो: हाताने तपासणी, मॅमोग्राफी वा सोनोग्राफी, आणि सुईने घेतलेला तुकडा. ‘सुई लावली की आजार पसरतो’ ही समजूत आपल्याकडे शिकलेल्या घरांतही आहे. ती खोडून काढण्यासाठी भाषणाचा उपयोग होत नाही. उपचार घेऊन बरी झालेली शेजारच्या गावची स्त्री दहा मिनिटे येऊन बसली की होतो. याउलट, तपासणी न करता घाईने लहान दवाखान्यात गाठ काढून टाकणे, आणि ती काढल्यावर प्रयोगशाळेत न पाठविणे, हे खरोखर नुकसान करते. शरीरातून काढलेला कोणताही तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे. आणि त्याचा अहवाल, काचपट्ट्या व मेणातील ठोकळे मागून घेऊन जपून ठेवावेत, कारण पुढच्या रुग्णालयात तेच पुन्हा तपासले जातात. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांच्या व हर-२ या प्रथिनाच्या चाचण्यांचे निकाल अहवालात आहेत का, हे वहीच्या धनीने पाहण्यास हरकत नाही. त्यांवाचून औषधयोजना नीट ठरत नाही आणि मग आणखी पंधरा दिवस जातात.

वहीत पंचेचाळिसावा दिवस उजाडूनही निदान झाले नसेल, तर ते पान लाल शाईने खुणावून सरपंचांनी स्वतः वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करावा. पदाचे वजन वापरण्याची हीच जागा आहे.

सातवी पायरी : उपचार पुरे होईपर्यंत

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर सोमवार ते शुक्रवार असे सुमारे पाच आठवडे बाहेरून किरण, आठवड्यातून एकदा औषध आणि त्यानंतर आतून किरण अशी साधारण मांडणी असते, व हे सारे आठ आठवड्यांत पुरे व्हावे लागते. लोक याला ‘शेक घेणे’ म्हणतात. जतहून किंवा आटपाडीहून रोज मिरजेला येऊन-जाऊन हे जमत नाही. म्हणून उपचाराची तारीख मिळाली की त्याच दिवशी मुक्कामाची जागा, सोबतीच्या दोन पाळ्या, घरच्या जनावरांचे पाणी व धारा आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचे जेवण यांची वाटणी भावकीत व गटात करावी. मधेच उपचार सुटलेल्या बायकांच्या पानांवर ‘कोठे अडले’ या रकान्यात म्हशी जितक्या वेळा आल्या तितका आजाराचा त्रास आलेला नाही.

फुले योजना आणि आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून त्यात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपीचा समावेश आहे. ते योजनेशी संलग्न रुग्णालयातच मिळते, म्हणून आधी आरोग्यमित्रांना भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांवरील नावाचे अक्षर न्‌ अक्षर जुळते का हे निदानाची वाट न पाहता, संशय आल्याच्या आठवड्यातच तपासावे. निदानापूर्वीच्या चाचण्या आणि प्रवास यांचा खर्च मात्र पुष्कळदा घरातूनच जातो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील जो १० टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो, त्यातून काही तरतूद करता येईल का, हे गटविकास अधिकाऱ्यांशी बोलून ग्रामसभेत ठरवावे. एसटीत स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. रेल्वेत कर्करोग रुग्णांना प्रमाणपत्रावर सवलत मिळते.

काहींचा आजार हाताबाहेर गेलेला असतो. त्यांचे पान बंद करू नये. वेदनाशमनासाठी मॉर्फिन देणे सुकर व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला आहे. ते कोणत्या रुग्णालयातून मिळते हेही पहिल्या पायरीच्या भेटीतच विचारून ठेवावे.

आठवी पायरी : लस, मावा आणि मुले

एचपीव्ही लसीची एक मात्राही मुलींना पुरेसे संरक्षण देऊ शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्य केले आणि त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने भारतात बनविलेली लस जाहीर केली. रवांडासारख्या गरीब देशाने २०११ मध्ये शाळांमधून लस देऊन ९० टक्क्यांहून अधिक मुलींना गाठले होते. आपल्या शाळेतील पटसंख्या, मुलींचे वय आणि पालकसभेचा दिवस एवढी तयारी मुख्याध्यापकांकडे असावी.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि माव्याची टपरी शाळेच्या कोपऱ्यावर आहे. यावर अधिक लिहीत नाही, ग्रामपंचायतीने परवाने तपासावेत. सोडू पाहणाऱ्यांना १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक द्यावा.

मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसणे, किंवा ताप, फिकेपणा व अंगावर निळे डाग आठवडेच्या आठवडे राहणे, अशा वेळी अंगणवाडी सेविकेने त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेण्याचा आग्रह धरावा.

नववी पायरी : ग्रामसभेत काय वाचावे

दर तिमाहीला ग्रामसभेत पाच आकडे नावांशिवाय वाचावेत: यादीत किती, तपासणी झालेले किती, पुढे पाठविलेले किती, त्यांपैकी साठ दिवसांत निदान झालेले किती आणि उपचार पुरे केलेले किती. पहिले दोन आकडे मोठे व शेवटचे दोन लहान असतील तर ते लपवू नयेत. शेजारच्या दोन-तीन ग्रामपंचायतींनी हेच आकडे एकत्र करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ठेवले, की तुकडा तपासणीच्या अहवालाला लागणारा वेळ किंवा ग्रामीण रुग्णालयात पडून असलेले उपकरण यांविषयी बोलता येते. एका गावाची तक्रार म्हणून ऐकली न जाणारी गोष्ट तारखांसह मांडली की ऐकली जाते, असा माझा अनुभव आहे.

सरपंच बदलतात, आशाताईंची बदली होत नसली तरी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची होते. वही नव्या हाती देताना जुन्या व नव्या धनीने मिळून अपुऱ्या पानांवरील प्रत्येक घरी एकदा जाऊन यावे, आणि उपचार पूर्ण झालेल्यांच्या पानावर पुढच्या फेरतपासणीची तारीख लिहून तिथे एक दुमड घालावी.